विश्लेषण : गझल, हायकू, रुबाई मराठीत लिहिताना फक्त अक्षरे मोजून भागेल?

गझल कार्यशाळा, हायकू स्पर्धा, आठवड्याची रुबाई, चौदा ओळींचे सुनीत... मोबाइलवर अशी निमंत्रणे येत नाहीत असा मराठी कवी आता विरळाच. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे वारे चांगलेच वाहते आहे. दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या संस्कृतीत घडलेला काव्यप्रकार घेऊन त्यात आपली स्वतंत्र कविता लिहिणे, ही मराठीला नवी गोष्ट नाही. पण घेतले काय जाते आणि मागे काय राहते, हा प्रश्न आता विचारायला हवा.

नांदेडमध्ये दोन परंपरा कुठे भेटतात?

गुरू गोविंदसिंग यांनी १७०५ मध्ये औरंगजेबाला पाठवलेले ‘जफरनामा’ हे पद्यपत्र फारसीत आहे. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’चे जे वृत्त, तेच या पत्राचे. फारसी छंदशास्त्रात त्याला ‘मुतकारिब’ म्हणतात. लघू-गुरूंच्या भाषेत त्याचा साचा ‘लगागा लगागा लगागा लगा’ असा होतो. हे पत्र लिहिल्यानंतर तीनच वर्षांनी, १७०८ मध्ये, गुरूंचे नांदेडला महानिर्वाण झाले. तिथे आज तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे.

शाळेत वृत्ते शिकलेल्या कोणाही मराठी माणसाच्या कानाला हा साचा ओळखीचा वाटेल. शेवटी आणखी एक गुरू जोडला की ‘लगागा’ चार वेळा येतो आणि भुजंगप्रयात तयार होते. जालना जिल्ह्यातील जांबच्या समर्थ रामदासांनी मनाचे २०५ श्लोक याच वृत्तात लिहिले. ‘नदीच्या कडेला सुने गाव झोपे’ ही नमुन्यादाखल रचलेली ओळ भुजंगप्रयातात आहे. तीच ‘नदीच्या कडेला सुने गाव ते’ अशी केली की ‘शाहनामा’चे माप मिळते. गुरू गोविंदसिंगांच्या ‘जाप साहिब’ या रचनेत भुजंगप्रयात नावाचाच छंद आहे. म्हणजे संस्कृतातून आलेले आणि फारसीतून आलेले, अशी दोन्ही मापे एकाच कवीच्या हातात होती. त्यासाठी त्यांना एक सोडून दुसरे धरावे लागले नाही.

उलट दिशेचे उदाहरण तर याहून जुने आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी हे नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. नामदेवांनी मराठीत अभंग लिहिले आणि उत्तरेत गेल्यावर तिथल्या बोलीत, तिथल्या पदांच्या घाटात रचना केली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातील घुमान ही त्यांची कर्मभूमी, म्हणूनच २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. नामदेवांनी अभंगाचे भाषांतर केले नाही, तिथल्या लोकांच्या कानाला सवयीचा असलेला घाट घेतला. दुसऱ्याच्या छंदात आपले लिहिणे म्हणजे काय, याचा हा आपल्याच भागातला धडा आहे.

गझल मराठवाड्याला परकी आहे का?

नाही. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी हे उर्दू गझलेच्या सुरुवातीच्या काळातले मोठे कवी औरंगाबादशी जोडलेले. वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेले आणि तिथल्या कवींना दखनी वळणाच्या भाषेतली गझल ऐकायला मिळाली, हे उर्दूच्या इतिहासात नोंदलेले आहे. मराठीतील पहिल्या गझलेचा मान अभ्यासक ज्यांना देतात ते कटावकार अमृतरायही औरंगाबादचेच. मराठी कीर्तन-कटावाची आणि गझलेची वाट अठराव्या शतकातच एकमेकींना मिळाली होती.

पुढे नांदेड आणि लातूरचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दू. त्यामुळे त्या पिढीच्या मराठी माणसाच्या कानावर गझल पुस्तकातून पडलेली नव्हती. शाळेत, कचेरीत, बाजारात ऐकलेल्या भाषेतून ती आली होती. या सक्तीची एक कडू बाजू आहे. मराठी शाळांसाठी, मराठी ग्रंथालयांसाठी या भागाला झगडावे लागले. उर्दू लादली गेली, ही तक्रार खरी आहे. पण लादलेल्या राज्यव्यवहाराचा राग त्या भाषेच्या कवितेवर काढण्याचे कारण नाही. नांदेडमधल्या मुशायऱ्यांत आजही जी दाद मिळते, ती कोणाच्या हुकमाने मिळत नाही.

मराठी गझल कशी घडली?

हा इतिहास दोन टप्प्यांचा आहे आणि आजच्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. पहिला टप्पा माधव ज्युलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन यांचा. ते फारसीचे प्राध्यापक. ‘छंदोरचना’ हा मराठी छंदशास्त्राचा पायाभूत ग्रंथ त्यांचा. १९३३ मध्ये त्यांचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह आला. फारसी वृत्ते मराठी लघू-गुरूंत कशी बसतात, हे त्यांनी दाखवले. ‘गालगागा’ चार वेळा म्हणजे व्योमगंगा, ‘लगागागा’ चार वेळा म्हणजे वियद्गंगा, ही नावे आज प्रत्येक मराठी गझलकाराच्या तोंडी असतात.

पण ज्युलियन यांच्या अनेक गझला वाचताना भावगीत वाचल्यासारखे वाटते. एक भाव धरून कविता पुढे सरकते. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. दोन ओळींत एक विचार उभा राहतो आणि दुसऱ्या ओळीत तो अनपेक्षित वळण घेतो. वृत्त मराठीत आले, पण हा स्वभाव यायला आणखी काही दशके लागली. ते काम सुरेश भट (१९३२–२००३) यांनी केले. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) या संग्रहांनी मराठी गझल घरोघर पोहोचली. नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. त्यात मतला, काफिया, रदीफ, अलामत यांचे नियम सोपे करून सांगितले.

अलामत म्हणजे काय, हे एका उदाहरणाने कळते. ‘पाणी’, ‘गाणी’, ‘वाणी’ हे काफिये घेतले तर ‘णी’च्या आधीचा ‘आ’ कायम राहिला पाहिजे. तिथे ‘कोणी’ चालणार नाही, कारण ‘आ’च्या जागी ‘ओ’ आला. डोळ्याला हे यमक वाटते, कानाला खटकते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गावच्या कवीला ‘पाणी’ हा काफिया सुचणे स्वाभाविक आहे. पण पुढचे चार काफिये केवळ जुळतात म्हणून आले तर गझल होत नाही. प्रत्येक काफियाला सांगण्यासारखे काही असावे लागते.

ज्युलियन ते भट या अंतराचा अर्थ सरळ आहे. काव्यप्रकाराचे माप एका पिढीत आणता येते, त्याचा स्वभाव अंगी मुरायला वेळ लागतो. आज कार्यशाळांत शिकवले जाते ते बहुतांशी माप.

‘घर’ या शब्दाची अडचण काय?

उर्दूत ‘घर’ हा एक दीर्घ उच्चार मोजतात. मराठी वृत्तात तेच दोन लघू होतात. शिवाय उर्दू शायराला ‘का’, ‘की’, ‘से’, ‘है’ यांसारखे शब्द गरजेप्रमाणे आखूड म्हणण्याची मुभा आहे. मराठीत ‘आ’ हा गुरूच. अक्षरगणवृत्तात गुरूच्या जागी दोन लघू चालत नाहीत, मात्रावृत्तात चालतात. त्यामुळे एकच वृत्त दोन भाषांत दोन प्रकारे वागते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ‘गाव’ म्हणताना शेवटचा ‘व’ आपण अर्धाच म्हणतो, वृत्तात मात्र तो पूर्ण लघू धरावा लागतो. वर दिलेली ‘सुने गाव झोपे’ ही ओळ मोठ्याने म्हटली की हे लगेच जाणवते. लिहिलेले माप आणि बोललेले माप यांतली ही फट कवीला ओळखता आली पाहिजे.

तिसरी गोष्ट नांदेड-लातूरच्या बोलीची. प्रमाण मराठीतले ‘जात आहे’ म्हणजे ‘गालगागा’. व्योमगंगेत ते आयते बसते, म्हणून गझलांत ‘जात आहे’, ‘येत आहे’ यांची रेलचेल असते. इथल्या बोलीतले ‘जायलाय’ मात्र ‘गालगाल’ होते. वृत्ताला सोयीचे म्हणून कवी प्रमाण रूप घेतो आणि घरात, शेतात जे बोलले जाते ते कवितेबाहेर राहते. बोलीचे वजन ओळखून तिला साजेसे वृत्त शोधणे हे कष्टाचे काम आहे. पण तसे केले तरच ती गझल या मातीतली होईल. नाहीतर लातूरची गझल आणि नागपूरची गझल यांत फक्त कवीचे नाव वेगळे असेल.

हायकू म्हणजे ५-७-५ इतकेच का?

शिरीष पै यांनी १९७० च्या दशकात हायकू मराठीत रुजवला. तीन ओळी, निसर्गातला एक क्षण, आणि मराठी कानासाठी यमकाची जोड, असे त्याचे रूप झाले. हा विचारपूर्वक केलेला बदल होता. आता मात्र ‘पाच-सात-पाच अक्षरे म्हणजे हायकू’ हे समीकरण सगळीकडे फिरते.

जपानीत जे मोजतात ते आपल्या अर्थाने अक्षर नाही. तिथे दीर्घ स्वर दोन धरतात. ‘तोक्यो’ या शहराच्या नावात दोन्ही ‘ओ’ दीर्घ आहेत, म्हणून त्याची मोजणी चार होते. हे आपल्या मात्रेच्या जवळचे आहे. अक्षरे मोजून जपानी माप पाळल्याचे समाधान मिळते, प्रत्यक्षात ते पाळले जात नाही.

मापापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी यात सुटतात. पारंपरिक हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असतो, आणि एके ठिकाणी कवितेला थांबवणारा छेद असतो. ऋतुशब्दांची जपानमध्ये कोशासारखी संकलने आहेत. ऐकणाऱ्याला एका शब्दात महिना, हवा, शेतातले काम, सण असे सगळे कळते. मराठवाड्याकडे असा शब्दसंग्रह भरपूर आहे. मृग, आर्द्रा, हस्त ही पावसाची नक्षत्रे. पोळा. आणि लातूर-धाराशिवकडची येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबिल, सारे गाव शिवारात. ‘येळवस’ या चार अक्षरांत रब्बीची हिरवी ज्वारी, हिवाळ्यातले ऊन आणि गोतावळा येतो. जपानी ऋतुशब्द नेमके हेच काम करतो. तरीही स्पर्धांतल्या मराठी हायकूंत गुलाबी थंडी, दवबिंदू आणि फुलपाखरे यांचीच गर्दी दिसते. ज्या भागात मृग कोरडा जाणे ही वर्षातली सर्वांत मोठी बातमी असते, तिथे ऋतूची कविता इतकी सौम्य राहावी हे आश्चर्य आहे.

सुनीत आणि रुबाईचा अनुभव काय सांगतो?

केशवसुतांनी १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे सुनीत लिहिले. चौदा ओळींचा युरोपीय घाट त्यांनी आणला, पण इंग्रजीचे माप आणले नाही. मराठी सुनीत मुख्यतः शार्दूलविक्रीडितात वाढले. घाटाचा गाभा, म्हणजे आधी विषय मांडणे आणि नंतर तो वळवणे, ठेवला. चाल आपल्या भाषेची घेतली. काय ठेवायचे आणि काय बदलायचे याचा हा नीट केलेला निवाडा आहे.

रुबाईच्या बाबतीत तो निवाडा सैल झाला. फारसी रुबाईला ठरलेली वृत्ते आहेत. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकाने बांधलेली असते, तिसरी बहुधा मोकळी सोडून चौथीला जोर दिला जातो. ज्युलियन यांनी उमर खय्यामच्या रुबायांचे मराठी अनुवाद मूळ फारसीवरून केले. आता कोणत्याही चार ओळींना रुबाई म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्या चार ओळी चांगल्या असू शकतात. त्यांना मुक्तक म्हणावे, चारोळी म्हणावी. रुबाई हे नाव लावले की वाचणारा तिसऱ्या ओळीनंतर काहीतरी घडण्याची वाट पाहतो.

हा वाद केवळ मराठीचा नाही. काश्मिरी मुळाचे आगा शाहिद अली अमेरिकेत इंग्रजीत लिहीत. काफिया-रदीफ सोडून लिहिलेल्या इंग्रजी ‘गझलां’वर त्यांचा आक्षेप होता. त्यांनी नियम पाळणाऱ्या इंग्रजी गझलांचे संकलन २००० मध्ये काढले. नियमांनी कविता अडते असे म्हणणाऱ्यांना तो कवितेतूनच दिलेला जवाब होता.

मग मुक्तछंदात काय वाईट आहे?

काहीही नाही. नारायण सुर्वे यांनी कामगाराचे जग मांडले, दलित कवींनी आपला अनुभव मांडला, तेव्हा जुनी वृत्ते त्यांना पुरली नसती. ज्या अनुभवाला वृत्त अडवते त्याने वृत्त टाकावे. उलट वृत्त पाळले म्हणून कविता थोर ठरत नाही. ‘जरा’, ‘आता’, ‘ते’, ‘हे’, ‘रे’ अशा भरतीच्या शब्दांनी मात्रा पुऱ्या केलेल्या शेकडो गझला रोज लिहिल्या जातात. त्यापेक्षा सरळ चार वाक्ये बरी.

प्रश्न निवडीचा आहे. कवीने गझल निवडली तर तिच्या अटी मान्य कराव्यात, कारण त्या अटींतूनच ती शक्ती येते. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर वीस ओळींचा विलाप लिहिणे सोपे आहे. तेच दोन ओळींत, दुसरी ओळ ऐकेपर्यंत श्रोत्याला कळू न देता सांगायचे, तर कवीला त्या घटनेचा नेमका एक कंगोरा शोधावा लागतो. मराठवाड्याच्या गझलेत दुष्काळ, कर्ज, पुण्याकडे गेलेली मुले हे विषय येऊ लागले आहेत. तिथे गझलेचा संयम फार उपयोगी पडू शकतो. पण संयमाऐवजी घोषणा आली की टाळ्या मिळतात आणि शेर दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

घरच्या छंदांचे काय?

जगातले काव्यप्रकार शिकण्याच्या उत्साहात ओवी आणि अभंग मागे पडत आहेत. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक, ही रचना आजही प्रत्येक भजनी मंडळाच्या कानात आहे. तरी त्यात आजचा विषय घेऊन लिहिणारे थोडेच. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांच्या पुढाकाराने झाले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या रचणाऱ्या बायकांनी अक्षरे मोजली नाहीत. जात्याचा फेरा आणि स्वतःचा श्वास हे त्यांचे माप होते.

ज्याच्या कानात ओवी आहे त्याला गझलेची लय लवकर सापडते, कारण माप आणि बोलणे यांचे नाते त्याला आधीच ठाऊक असते. शाळेत मात्र वृत्त भेटते ते व्याकरणाच्या प्रश्नात. गण पाडा, वृत्त ओळखा, गुण मिळवा. म्हणून मोठेपणी गझल शिकायला आलेला तरुणही आधी कागदावर रेघा आणि अर्धचंद्र काढतो, ओळ मोठ्याने म्हणून पाहत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट ऐकण्याची. नांदेडमध्ये उर्दू मुशायरा आणि मराठी गझल मैफल यांचे श्रोते बहुतेकदा वेगळे असतात. एकाच व्यासपीठावर, एकच वृत्त ठरवून, उर्दू आणि मराठी कवींनी आपापल्या गझला म्हटल्या तर दोघांनाही शिकायला मिळेल. ‘घर’ कुठे एक आणि कुठे दोन, हे अशा एका संध्याकाळी कळेल, दहा कार्यशाळांत कळणार नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड आणि लातूर दोन्ही येतात, आणि मराठी, उर्दू, हिंदी शिकवणारी महाविद्यालये इथे आहेत. या विभागांनी मिळून छंदांचा एक छोटा अभ्यासक्रम चालवणे अवघड नाही. भुजंगप्रयात आणि मुतकारिब शेजारी ठेवून शिकवले, तर परके-आपले हा वाद पहिल्याच तासाला निकाली निघेल.

तिसरी गोष्ट स्पर्धा भरवणाऱ्यांनी करावी. हायकूची स्पर्धा ठेवली तर अक्षरसंख्येआधी ऋतुशब्द आणि छेद तपासावा. गझलेत मात्रा बरोबर आहेत का, याच्याबरोबर पाचही शेर स्वतंत्र उभे राहतात का आणि भरतीचे शब्द किती आहेत, हेही पाहावे. आणि चार स्पर्धांमागे एक तरी ओवीची किंवा अभंगाची ठेवावी. २०२२ मध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा या भागातल्या लिहित्या हातांची संख्या सगळ्यांना दिसली. त्या हातांना आता नियमांच्या यादीबरोबर चांगले श्रोतेही लागतील.